अ‍ॅनफिल्डवरचे सहा आठवडे

इंग्लंडच्या फर्स्ट डिव्हिजनचा १९८८-८९ चा हंगाम सगळ्यांच्या लक्षात राहिला तो एका गोलामुळे. २६ मे १९८९ च्या रात्री, नव्वद मिनिटे उलटून गेल्यावर, आर्सेनलच्या मायकेल थॉमसने लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्ड या घरच्या मैदानावर चेंडू जाळ्यात मारला आणि हातातोंडाशी आलेले विजेतेपद लिव्हरपूलकडून निसटले. या गोलावर पुस्तके निघाली, माहितीपट निघाले. निक हॉर्नबीच्या ‘फीव्हर पिच’ या गाजलेल्या पुस्तकातही त्या रात्रीला मानाचे पान आहे. ते योग्यच झाले. लीगची शर्यत इतकी ताणली जाऊन संपल्याची उदाहरणे फार थोडी. पण गोलाकडे पाहता पाहता प्रेक्षकांकडे पाहायचे राहून जाते. माझे म्हणणे असे की, त्या वर्षीच्या मध्य एप्रिलपासून मे अखेरपर्यंतच्या सहा आठवड्यांचा इतिहास आधी चाहत्यांचा आहे, खेळाडूंचा नंतर. सरकार, पोलीस आणि बरीचशी वर्तमानपत्रे ज्या माणसांना झुंड समजत होती, त्यांनी माणसे गमावलेली असताना, विजेतेपदाची आस मनात असताना, सगळ्या देशादेखत आपली ओळख दाखवून दिली. पुरावा तेव्हाच समोर होता. तो मान्य करायला इंग्लंडच्या व्यवस्थेने सत्तावीस वर्षे घेतली.

चाहत्यांविषयीचे हे मत एका दिवसात तयार झाले नव्हते. १९८५ हे वर्ष त्या खेळासाठी भीषण ठरले. मार्चमध्ये ल्यूटनच्या मैदानावर मिलवॉलच्या पाठीराख्यांनी धुडगूस घातला आणि तो घराघरांतल्या टीव्हीवर दिसला. ११ मे रोजी ब्रॅडफर्डच्या जुन्या लाकडी स्टँडला आग लागून ५६ जण होरपळून मेले. आणि २९ मे रोजी ब्रुसेल्सच्या हेझेल मैदानात लिव्हरपूलचे काही पाठीराखे इटलीच्या युव्हेंटसच्या प्रेक्षकांवर धावून गेले, भिंत कोसळली आणि ३९ जणांचे प्राण गेले. इंग्लिश क्लबांना युरोपच्या स्पर्धांतून हद्दपार करण्यात आले. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने यातून एकच निष्कर्ष काढला, की फुटबॉलचा प्रेक्षक हा कायदा आणि सुव्यवस्थेचा प्रश्न आहे. मैदान आणि प्रेक्षक यांच्यामध्ये लोखंडी जाळ्या उभ्या राहिल्या. चेल्सीच्या मालकाने तर जाळीत वीज सोडायची तयारी केली होती. लंडनच्या महापालिकेने परवानगी नाकारली म्हणून ते टळले. जानेवारी १९८९ मध्ये सरकारने फुटबॉल प्रेक्षकांसाठी खास विधेयक आणले. सामना पाहायला येणाऱ्या प्रत्येकाने ओळखपत्र दाखवावे, अशी त्यात तरतूद होती. ब्रॅडफर्डच्या आगीत पुढच्या बाजूला जाळ्या नव्हत्या म्हणून शेकडो माणसे मैदानात उतरून वाचली, ही गोष्ट मात्र धोरण ठरवणाऱ्यांच्या मनावर ठसली नाही. आर्सेनलने आपल्या हायबरी मैदानावर जाळ्या कधीच बसवल्या नाहीत. लीगमधली ती जवळपास एकट्याने घेतलेली भूमिका होती, आणि पुढे तीच बरोबर ठरली.

१५ एप्रिलला लीगचे अव्वल स्थान लिव्हरपूल आणि आर्सेनल यांच्यामध्ये हेलकावे खात होते. हिवाळ्यात लिव्हरपूल आर्सेनलपेक्षा बरेच मागे पडले होते. पण नववर्षाच्या दिवशी मँचेस्टर युनायटेडकडून हरल्यानंतर ते लीगमध्ये एकदाही हरले नव्हते आणि सगळी पिछाडी त्यांनी भरून काढली होती. त्या शनिवारी आर्सेनलने हायबरीवर न्यूकॅसलला १-० असे हरवले. त्याच वेळी लिव्हरपूल शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानात नॉटिंगहॅम फॉरेस्टशी एफए कपचा उपांत्य सामना खेळायला उतरले होते. तिथल्या लेपिंग्ज लेन बाजूला उभ्याने सामना पाहणाऱ्या दहा हजारांहून अधिक लोकांना आत घ्यायला अवघी सात फिरती फाटके होती. बाहेर गर्दी इतकी साचली की २ वाजून ५२ मिनिटांनी पोलिसांनी बाहेर पडण्याचे मोठे दार उघडायचा हुकूम दिला. आत शिरलेले लोक समोरच दिसणाऱ्या उताराच्या बोगद्यात गेले आणि मधल्या दोन कप्प्यांमध्ये पोहोचले. ते कप्पे आधीच भरून वाहत होते. बाजूच्या कप्प्यांत जागा होती, पण बोगद्याचे तोंड बंद करून लोकांना तिकडे वळवायला तिथे कोणी उभे नव्हते. पुढे जाळी, मागून लोंढा. ३ वाजून ६ मिनिटांनी सामना थांबला, तोवर माणसे उभ्या उभ्या गुदमरून मरत होती. त्या दिवसाच्या जखमांनी पुढेही बळी घेतले. आज मृतांची संख्या ९७ धरली जाते.

यानंतरच्या तासाभरात काय झाले ते बारकाईने पाहायला हवे, कारण पुढचा सगळा वाद तिथेच सुरू होतो. पोलिसांच्या बंदोबस्ताचे प्रमुख डेव्हिड डकनफिल्ड यांनी फुटबॉल असोसिएशनच्या अधिकाऱ्यांना सांगितले, की चाहत्यांनीच दार जबरदस्तीने उघडले. हे धादांत खोटे होते. दार उघडायचा हुकूम त्यांनी स्वतः दिला होता. ही बातमी जगभर गेली. त्याच वेळी मैदानात वेगळेच दृश्य होते. जाळीवरून बाहेर पडलेले तरुण जाहिरातींचे फलक उखडत होते, त्यांवर बेशुद्ध माणसांना ठेवून चार-सहा जण मिळून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पळवत नेत होते. वरच्या मजल्यावरचे प्रेक्षक खाली वाकून हात देत होते आणि चिरडल्या जाणाऱ्या लोकांना वर ओढून घेत होते. अनेक पोलीस शिपाईही आपल्या परीने धडपडले, हे नोंदवायला हवे. पण बराच काळ त्यांची एक रांग मैदानाच्या मध्यावर उभी होती, दोन्हीकडचे प्रेक्षक एकमेकांवर धावून जातील या भीतीने. ज्यांना दंगलखोर समजून रांग लावली ते स्ट्रेचर वाहत होते. १९८९ च्या इंग्लंडमध्ये प्रेक्षकांविषयीची समजूत आणि प्रत्यक्ष प्रेक्षक यांच्यातले अंतर याहून स्पष्टपणे कुठे दिसले असेल असे मला वाटत नाही.

चारच दिवसांनी, १९ एप्रिलला, ‘द सन’ने पहिल्या पानावर आपण सत्य सांगत असल्याचा मथळा टाकून छापले, की चाहत्यांनी मृतांचे खिसे कापले, मदत करणाऱ्या पोलिसांवर हल्ले केले. यातले काहीही सिद्ध झाले नाही. मर्सी नदीच्या काठच्या त्या शहरात तो अंक लोकांनी जाळला, आणि बहिष्कार आजतागायत सुटलेला नाही. पण त्या आठवड्यातले शहराचे मुख्य उत्तर बहिष्कार हे नव्हते. दुर्घटनेच्या दुसऱ्याच दिवशी क्लबने अ‍ॅनफिल्डचे दरवाजे उघडले आणि लोक फुले घेऊन येऊ लागले. गोलपोस्टपासून सुरू झालेला फुलांचा थर हळूहळू मध्यरेषेपर्यंत सरकला. ‘कॉप’ या उभ्याच्या स्टँडच्या अडसरांवर मफलर बांधले गेले, ज्या जागी जो माणूस दर शनिवारी उभा राहायचा त्याच जागी. शहरातला दुसरा क्लब एव्हर्टन. त्याचे गुडिसन पार्क आणि अ‍ॅनफिल्ड यांच्यामध्ये स्टॅन्ली पार्क हे उद्यान आहे. २२ एप्रिलला या दोन मैदानांना जोडणारी सुमारे मैलभर लांब मफलरांची साखळी बांधण्यात आली. निळा मफलर लालला गाठ मारून, लाल पुन्हा निळ्याला. खेळाडू आणि व्यवस्थापक केनी डॅल्ग्लिश घरोघरी गेले, अंत्यविधींना उभे राहिले. डॅल्ग्लिश यांना या ओझ्याची किंमत पुढे मोजावी लागली, फेब्रुवारी १९९१ मध्ये त्यांनी पद सोडले.

आता पहिला आक्षेप इथेच उभा राहतो. इतकी माणसे गेली असताना विजेतेपदाची शर्यत पुढे चालवणे हा निर्दयपणा नव्हता का? तेव्हाही अनेकांनी तो प्रश्न विचारला होता, आणि प्रश्न विचारणाऱ्यांच्या मनात सहानुभूतीच होती. हंगाम तिथेच संपवावा, निदान कप तरी रद्द व्हावा, असे मत जबाबदार लोकांनी मांडले. पण ज्यांच्या घरची माणसे गेली त्यांच्यातल्या बहुसंख्यांचा कौल खेळावे असाच होता, आणि क्लबने तोच निर्णय घेतला. मला हा कौल समजण्यासारखा वाटतो. लिव्हरपूलच्या बेकार गोदीकामगारांच्या वस्त्यांत शनिवारचा सामना ही करमणूक राहिलेली नव्हती; बाप-लेक, भाऊ-भाऊ, गल्लीतले मित्र ज्या एका गोष्टीने वर्षानुवर्षे बांधले गेले होते ती गोष्ट होती. जो मुलगा लिव्हरपूलच्या विजेतेपदाची वाट पाहत शेफिल्डला गेला, त्याच्यामागे त्याच्या आईने ती वाट पाहणे चालू ठेवले, तर त्यात विसंगती कुठे आहे? शर्यत सोडून देणे म्हणजे, त्या माणसांना जे प्रिय होते तेच त्यांच्या मृत्यूला कारण झाले, असे मान्य करणे. आणि कारण फुटबॉल नव्हताच. कारण होते सात फाटके, एक बोगदा, लोखंडी जाळ्या आणि गर्दीकडे संशयाने पाहायची सवय.

खेळ पुन्हा सुरू झाला तो ३० एप्रिलला ग्लासगोत, सेल्टिकविरुद्धच्या मदतनिधीच्या सामन्याने. लीगचा पहिला सामना ३ मे रोजी, योगायोग असा की गुडिसन पार्कवर, एव्हर्टनशीच. लिव्हरपूलच्या चाहत्यांनी देशाचे आभार मानणारा फलक मैदानाभोवती फिरवला. सामना गोलशून्य सुटला. त्यानंतर लिव्हरपूल सुसाट निघाले. कपच्या उपांत्य फेरीत फॉरेस्टला ३-१, लीगमध्ये पुन्हा फॉरेस्टला १-०, विम्बल्डनला २-१, क्वीन्स पार्क रेंजर्सला २-०. २० मे रोजी वेम्ब्लीवर दोन्ही संघ एकाच शहराचे: जादा वेळेत एव्हर्टनला ३-२ असे हरवून लिव्हरपूलने कप घेतला. तिकडे आर्सेनलचे पाय लटपटू लागले होते. नॉर्विचला पाच गोलांनी धुतल्यावर आणि मिडल्सबरोला हरवल्यावर विजेतेपद हायबरीलाच येणार असे लंडनमध्ये सगळे धरून चालले होते. पण १३ मे रोजी डर्बीकडून घरच्या मैदानावर २-१ अशी हार पत्करावी लागली आणि १७ तारखेला विम्बल्डनशी २-२ बरोबरी झाली. अठरा वर्षे विजेतेपदाची वाट पाहिलेल्या हायबरीच्या पाठीराख्यांनी त्या रात्री मनातून हात टेकले होते. २३ मे रोजी लिव्हरपूलने वेस्ट हॅमवर पाच गोल चढवले आणि आकडेमोड पक्की झाली. लिव्हरपूल ७६ गुण, गोलफरक ३९. आर्सेनल ७३ गुण, गोलफरक ३५. एकच सामना उरला होता, तोही या दोघांमधलाच. मुळात तो २३ एप्रिलला व्हायचा होता आणि हिल्सबरोमुळे पुढे ढकलला गेला होता. आर्सेनलने दोन गोलांच्या फरकाने जिंकले तर गुणही सारखे, गोलफरकही सारखा. मग जास्त गोल केले म्हणून विजेतेपद आर्सेनलचे. अ‍ॅनफिल्डवर येऊन दोन गोलांनी जिंकणे गेल्या तीन वर्षांत कोणाला जमले नव्हते.

२६ मेच्या शुक्रवारी लंडनहून निघालेल्या पाठीराख्यांच्या बस महामार्गावरच्या वाहतुकीत अडकल्या. ते पोहोचावेत म्हणून सामना काही मिनिटे उशिरा सुरू करण्यात आला. पाहुण्या चाहत्यांसाठी लीगचा निर्णायक सामना थांबवायचा, ही साधी वाटणारी गोष्ट सहा आठवड्यांपूर्वी हिल्सबरोवर झाली असती तर काय काय वाचले असते! आर्सेनलचे खेळाडू हातात पुष्पगुच्छ घेऊन मैदानात आले आणि चारी बाजूंना जाऊन त्यांनी ते प्रेक्षकांना दिले. मग खेळ सुरू झाला, आणि त्यात कोणी कोणाला दयामाया दाखवली नाही. मध्यंतरापर्यंत गोल नाही. ५२ व्या मिनिटाला विंटरबर्नच्या अप्रत्यक्ष फ्री-किकवर अ‍ॅलन स्मिथने डोके लावले. चेंडूला कोणाचा स्पर्शच झाला नाही असे म्हणत लिव्हरपूलच्या खेळाडूंनी पंचाला घेरले. पंचाने रेषापंचाशी बोलून गोल कायम ठेवला. त्यानंतर आर्सेनलचा रिचर्डसन दुखापतीने पडला आणि वेळ वाढली. लिव्हरपूलच्या स्टीव्ह मॅकमहनने सहकाऱ्यांना एक बोट उंचावून दाखवले, एकच मिनिट राहिले आहे. गोलरक्षक ल्यूकिकने चेंडू डिक्सनकडे टाकला, डिक्सनने लांब स्मिथकडे, स्मिथने धावत्या थॉमसपुढे. चेंडू लिव्हरपूलच्या बचावपटूला लागून पुन्हा थॉमसच्याच पायाशी आला. त्याने गोलरक्षक ग्रॉबेलार खाली झेपावेपर्यंत वाट पाहिली आणि मग चेंडू वरून ढकलला.

शिट्टी वाजली तेव्हा कॉपवरचे हजारो लोक जागीच उभे होते. कोणी मैदानात धावले नाही, कोणी पाहुण्यांच्या दिशेने काही भिरकावले नाही. करंडक आर्सेनलच्या हातात गेला आणि लिव्हरपूलच्या प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. हा प्रसंग टीव्हीवरून थेट सगळ्या देशाने पाहिला. यावर असे म्हणता येईल, आणि म्हटलेही गेले आहे, की हिल्सबरोनंतर त्या लोकांना हारजितीचे काही वाटेनासे झाले होते, म्हणून टाळ्या सोप्या गेल्या. मला हे पटत नाही. सात दिवसांत तीन मोठे सामने अंगावर घेणारा संघ आणि तिन्हींना गर्दी करणारे प्रेक्षक बेफिकीर नव्हते. कप आणि लीग दोन्ही मृतांच्या नावे जिंकायची ही त्यांची उघड इच्छा होती, त्यामुळे हार नेहमीपेक्षा अधिक बोचणारी होती. हवे ते हातातून गेल्यावरही जिंकणाऱ्याचे मोल मानले, म्हणूनच त्या टाळ्यांना पुराव्याचे वजन आहे.

अधिक गंभीर आक्षेप हेझेलचा आहे. याच लिव्हरपूलच्या पाठीराख्यांमुळे ३९ माणसे मेली होती. चार वर्षांनी टाळ्या वाजवल्याने ते पुसले जाते का? नाही जात. इंग्लिश फुटबॉलमधली गुंडगिरी ही वर्तमानपत्रांची मनगढंत कथा नव्हती. त्याच मे महिन्याच्या १३ तारखेला लंडनच्या सेलहर्स्ट पार्कवर क्रिस्टल पॅलेस आणि बर्मिंगहॅम यांच्या सामन्यात हाणामारी झाली आणि खेळ थांबवावा लागला. वेम्ब्लीच्या अंतिम सामन्यातही जाळ्या काढलेल्या असल्याने उत्साहाच्या भरात लोक मैदानात उतरले आणि विजयी फेरी रद्द झाली. मी असे म्हणत नाही की चाहते संत होते. मी इतकेच म्हणतो, की गुन्हा माणसे करतात आणि शिक्षाही माणसांना व्हावी. ब्रुसेल्सच्या न्यायालयाने नेमके तेच केले: त्याच एप्रिलच्या अखेरीस हेझेलच्या खटल्यात लिव्हरपूलच्या चौदा पाठीराख्यांना सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवून तुरुंगवास सुनावला. लंडनमधल्या सरकारचा विचार उलटा होता. त्याला चौदा माणसे शोधायची नव्हती, लाखो प्रेक्षकांना संशयित म्हणून नोंदवायचे होते. हिल्सबरोवर जाळीला कुलूप ठेवणारी मानसिकता आणि ओळखपत्राचे विधेयक लिहिणारी मानसिकता एकच होती. ती चूक आहे हे चाहते स्वतः सांगतही होते. हेझेलनंतर लिव्हरपूलमध्येच स्थापन झालेली फुटबॉल सपोर्टर्स असोसिएशन आणि १९८६ पासून निघणारे ‘व्हेन सॅटर्डे कम्स’सारखे चाहत्यांचे अंक ओळखपत्राविरुद्ध आणि मैदानांच्या दुरवस्थेविरुद्ध लिहीत होते. त्यांचे ऐकून घेणारे कोणी नव्हते.

मग या सहा आठवड्यांनी बदलले काय? हिल्सबरोची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती टेलर यांनी ऑगस्ट १९८९ च्या अंतरिम अहवालात दुर्घटनेचे मुख्य कारण पोलिसांच्या नियंत्रणाचा अभाव हेच ठरवले. चाहते दारू प्यालेले होते या कथेला त्यांनी महत्त्व दिले नाही, आणि पोलिसांनी दोष चाहत्यांवर ढकलल्याबद्दल ताशेरे ओढले. जानेवारी १९९० च्या अंतिम अहवालात त्यांनी ओळखपत्राला विरोध केला, आणि संसदेत मंजूर झालेली ती तरतूद सरकारला बासनात गुंडाळून ठेवावी लागली. जाळ्या गेल्या. मोठ्या मैदानांत उभ्याचे स्टँड जाऊन खुर्च्या आल्या. कॉपवर लोक शेवटचे उभे राहिले ते एप्रिल १९९४ मध्ये. खुर्च्यांबरोबर तिकिटांचे दरही चढले आणि ज्या कामगार वस्त्यांनी ते सहा आठवडे निभावले त्यांनाच पुढे मैदान परवडेनासे झाले. टेलर यांनी दर वाढवायला सांगितले नव्हते. तो क्लबांचा निर्णय होता आणि तो अन्यायाचाच होता.

सत्याचे मात्र घोंगडे भिजत राहिले. सप्टेंबर २०१२ मध्ये स्वतंत्र समितीने कागदपत्रे उघड केली तेव्हा कळले, की पोलिसांचे १६४ जबाब नंतर बदलण्यात आले होते आणि त्यांतल्या ११६ जबाबांमधून पोलिसांना अडचणीची विधाने काढून टाकली किंवा फिरवली गेली होती. लहान मुलांसह मृतांच्या रक्तात दारू शोधण्यात आली होती. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी संसदेत माफी मागितली. २६ एप्रिल २०१६ रोजी ज्युरीने निकाल दिला: मृत्यू बेकायदा कृत्याने झाले, आणि चाहत्यांच्या वर्तनाचा त्यात काहीही वाटा नव्हता. २०१९ मध्ये डकनफिल्ड निर्दोष सुटले. हेझेलच्या ३९ मृत्यूंसाठी चौदा चाहत्यांना शिक्षा सुनावायला ब्रुसेल्सला चार वर्षे पुरली होती. हिल्सबरोच्या ९७ मृत्यूंसाठी इंग्लंडमध्ये आजवर एकाही पोलीस अधिकाऱ्याला शिक्षा झालेली नाही.